पडद्याच्या ऑपरेशनला ‘हो’ म्हणण्याआधी

‘पडद्याचं ऑपरेशन करावं लागेल,’ असं डॉक्टर म्हणाले की घरात लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, उद्याच करून टाकू. दुसरा म्हणतो, अमक्याचं केलं होतं, काय उपयोग झाला? आणि ज्याचा डोळा आहे तो माणूस मधल्या मध्ये गप्प बसतो.

तुमच्या घरी आज असं चाललं असेल, तर थोडं थांबून हे वाचा. निर्णय तुमचा आहे आणि तो नीट विचार करून घेता येतो. त्यासाठी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारायच्या. माझ्याकडे वेळ किती आहे? ऑपरेशन केलं नाही तर काय होईल? केलं तर मला किती दिसेल? उत्तरं कागदावर लिहून घ्या. घाबरलेल्या माणसाला ऐकलेलं लक्षात राहत नाही, म्हणून सोबत कुणाला तरी न्या.

मोतीबिंदूची गोष्ट इथे लावू नका

मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. ते काढून नवं बसवता येतं. पडदा मात्र डोळ्याच्या मागच्या बाजूला आतून लागलेला असतो. समोरचं चित्र त्यावर उमटतं आणि तिथून नसेवाटे मेंदूकडे जातं. हा पडदा बदलता येत नाही. आहे तोच सांभाळायचा आणि आहे तोच दुरुस्त करायचा.

शेजारच्या काकांचा मोतीबिंदू काढला आणि दोन दिवसांत ते पेपर वाचू लागले, हे खरं असेल. पडद्याच्या ऑपरेशनानंतर नजर यायला महिने लागतात. कधी ती पूर्ण येतही नाही. ही अपेक्षा आधीच जुळवून घेतलीत, तर नंतर डॉक्टरांवर आणि नशिबावर चिडायची वेळ येणार नाही.

पहिला प्रश्न: वेळ किती आहे?

पडद्याची सगळी दुखणी सारख्या घाईची नसतात.

सगळ्यात घाईचं दुखणं म्हणजे पडदा सुटणं. भिंतीत ओल शिरली की रंगाचा पोपडा सुटतो आणि हळूहळू पसरतो, तसंच इथे होतं. पडद्याला चीर पडते, डोळ्यातलं पाणी त्या चिरेतून मागे शिरतं आणि पडदा सुटत जातो. यात दुखत काही नाही. म्हणूनच माणसं चार-आठ दिवस अंगावर काढतात.

खुणा ओळखून ठेवा. डोळ्यापुढे अचानक काळे ठिपके किंवा जाळी तरंगू लागते. अंधारात कडेला वीज चमकल्यासारखं होतं. एका बाजूने सावली किंवा पडदा सरकत आल्यासारखा दिसतो. यातलं काहीही नव्याने झालं तर त्याच दिवशी डोळे तपासून घ्या. मोठ्या उणे नंबरचा चष्मा असेल, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल, डोळ्याला मार लागला असेल किंवा घरात कुणाचा पडदा सुटला असेल, तर तुम्ही जास्त जपायला हवं.

नुसती चीर असेल आणि पडदा सुटला नसेल, तर बहुतेक वेळा लेझरवर भागतं. ते बाह्यरुग्ण विभागातच होतं आणि तुम्ही त्याच दिवशी घरी येता. एवढ्यावर निभावणं हा मोठा फायदा आहे, आणि तो लवकर गेलेल्यालाच मिळतो.

पडदा सुटलाच असेल तर एक गोष्ट नक्की विचारा: ‘मधला भाग अजून शाबूत आहे का?’ वाचणं, चेहरा ओळखणं, सुईत दोरा ओवणं, हे सगळं पडद्याच्या त्या मधल्या इवल्याशा भागावर चालतं. तो चिकटलेला असेल तर डॉक्टर एक-दोन दिवसांत ऑपरेशन करू पाहतात. तो सुटला असेल तरी साधारण आठवड्याच्या आत झालेलं चांगलं. अशा वेळी लग्न, सुगी, परीक्षा यांसाठी तारीख पुढे ढकलू नका.

काही दुखण्यांत वेळ मिळतो. पडद्यावर पातळ पापुद्रा धरला असेल आणि सरळ रेषा किंचित वाकड्या दिसत असतील, तर काही महिने थांबून पुन्हा तपासणी करता येते. तुमच्या रोजच्या कामात अडचण येत नसेल, तर ऑपरेशन न करणं हाही शहाणपणाचा निर्णय असू शकतो. मध्यभागी छिद्र पडलं असेल तर घाई एका दिवसाची नसते. पण महिनोन्‌महिने काढूही नका, कारण जुनं छिद्र बुजणं अवघड जातं.

मधुमेहात डोळ्यात रक्त उतरतं, त्याचं वेगळं आहे. कधी ते काही आठवड्यांत आपोआप निवळतं. डॉक्टर सोनोग्राफी करून मागचा पडदा जागेवर आहे का ते पाहतात. इंजेक्शन आणि लेझरने भागत असेल तर थांबतात. पडदा ओढला जात असेल तर ऑपरेशन सांगतात.

दुसरा प्रश्न: केलं नाही तर?

हा प्रश्न विचारायला लोक कचरतात. डॉक्टरांना राग येईल असं वाटतं. चांगल्या डॉक्टरांना राग येत नाही. बिनधास्त विचारा.

सुटलेला पडदा तसाच ठेवला तर तो बहुधा पूर्ण सुटतो आणि त्या डोळ्याची नजर जाते. शंभर वर्षांपूर्वीपर्यंत जवळजवळ सगळ्यांचं हेच होत असे. स्वित्झर्लंडमधल्या लोझान गावी जूल गोनँ नावाच्या डॉक्टरांनी १९२० च्या दशकात दाखवून दिलं, की चीर शोधून ती बंद केली तर पडदा परत बसतो. पुढे १९७० च्या सुमारास अमेरिकेत रॉबर्ट माखेमर यांनी डोळ्यात बारीक छिद्र पाडून आतला गर काढण्याची पद्धत आणली. आज तुम्हाला सांगितलं जाणारं ऑपरेशन याच दोघांच्या वाटेने आलं आहे. थेंब, काढा किंवा व्यायाम यांनी सुटलेला पडदा चिकटत नाही. मध, तूप, गुलाबपाणी डोळ्यात घालून दिवस घालवू नका.

उलट, पडदा खूप महिने सुटलेला असेल आणि टॉर्चचा उजेडही कळत नसेल, तर डॉक्टर स्वतःच सांगतात की ऑपरेशनचा फायदा नाही. दुसऱ्या एखाद्या डॉक्टरांकडून खात्री करून घ्या. त्यांनीही तेच सांगितलं तर दागिने मोडून दारोदार फिरू नका. चांगला डोळा जपण्याकडे लक्ष द्या.

तिसरा प्रश्न: केलं तर किती दिसेल?

इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पडदा जागेवर बसणं ही एक आणि त्यातून दिसणं ही दुसरी. डॉक्टर ‘ऑपरेशन यशस्वी झालं’ म्हणतात तेव्हा बहुधा पहिली गोष्ट सांगत असतात. तुम्ही दुसरीही विचारा.

सुटलेल्या पडद्याचं म्हणाल, तर शंभरातल्या साधारण ८० ते ९० जणांचा पडदा पहिल्याच ऑपरेशनात बसतो. उरलेल्यांतल्या बऱ्याच जणांचा दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला बसतो. मधला भाग शाबूत असताना ऑपरेशन झालं तर नजर बरीचशी टिकते. तो सुटल्यावर झालं तर नजर सुधारते, पण पूर्वीसारखी होईलच असं नाही. रंग फिके वाटतात, रेषा वाकड्या दिसतात. ही सुधारणा सहा महिने, वर्षभरही सावकाश चालू राहते.

‘माझ्या डोळ्याचं सांगा,’ असं म्हणा. मी गाडी चालवू शकेन का? शिवणकाम जमेल का? शेतात एकटा जाऊ शकेन का? नुसत्या ‘सहा बाय अमुक’ या आकड्यापेक्षा ही उत्तरं जास्त कामाची आहेत.

धोके कोणते?

पडदा पुन्हा सुटू शकतो. पडदा सुटलेल्या शंभरातल्या पाच ते दहा जणांमध्ये पडद्यावर वण धरतो आणि तो पडद्याला परत ओढतो. पुन्हा ऑपरेशन लागण्याचं हे मोठं कारण आहे. त्यात डॉक्टरांची चूक असतेच असं नाही.

डोळ्यातला दाब वाढू शकतो. तो बहुधा थेंबांनी आटोक्यात येतो, म्हणून सांगितलेल्या तारखेला दाब मोजून घ्या.

मोतीबिंदू लवकर होतो. पन्नाशी ओलांडलेल्यांना आतला गर काढल्यानंतर दोनेक वर्षांत बहुतेक वेळा मोतीबिंदूचं ऑपरेशन लागतं. हे आधीच धरून चाला.

जंतुसंसर्ग फार कमी होतो, हजारात एकापेक्षाही कमी जणांना. पण झाला तर डोळा जाऊ शकतो. म्हणून ऑपरेशनानंतर दुखणं वाढत गेलं, लाली वाढली, घाण येऊ लागली किंवा दिसणं अचानक कमी झालं, तर सकाळची वाट पाहू नका. रात्री फोन करायचा नंबर दवाखान्यातून निघतानाच घेऊन ठेवा.

गॅस भरणार की तेल?

पडदा दाबून ठेवायला डोळ्यात गॅस किंवा तेल भरतात. यावर तुमचे पुढचे दिवस ठरतात, म्हणून आधीच विचारा.

गॅस आपोआप विरतो. कोणता गॅस भरला आहे त्याप्रमाणे दोन आठवडे ते दोन महिने लागतात. सुरुवातीला त्या डोळ्याने हात हललेला तेवढा कळतो. घाबरू नका. पुढे वरच्या बाजूने दिसू लागतं, मध्ये पाण्याच्या पातळीसारखी हलती रेघ दिसते आणि ती दिवसागणिक खाली उतरते. शेवटी तळाशी छोटा बुडबुडा राहतो आणि एक दिवस तोही जातो.

गॅस असेतोवर विमानात बसायचं नाही. उंचावरही जायचं नाही. वर हवेचा दाब कमी होतो, गॅस फुगतो आणि डोळ्यातला दाब धोकादायक वाढतो. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटरवर आहे, तिथे जाणं टाळाच. मुंबईत ऑपरेशन करून पुण्याला किंवा साताऱ्याला घरी जायचं असेल तर वाटेत घाट आहे. ‘घाट चढून गेलो तर चालेल का, कधी चालेल?’ हे डॉक्टरांना ऑपरेशनाआधीच विचारा. या काळात दुसरं कुठलंही ऑपरेशन करायची वेळ आली, दाताचंसुद्धा, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना गॅसचं आधी सांगा. भुलीचा एक वायू त्यांना टाळावा लागतो.

तेल आपोआप जात नाही. ते काढायला बहुधा तीन ते सहा महिन्यांनी दुसरं ऑपरेशन लागतं. तेल आहे तोवर चष्म्याचा नंबर बदलतो. एरवी विमानाला अडचण येत नाही, तरी विचारून जा. तेल काढायची तारीख चुकवू नका. ‘बरं दिसतंय’ म्हणून वर्षानुवर्षं तसंच ठेवलं तर डोळ्याला त्रास होतो.

घरची तयारी

ऑपरेशन बहुधा डोळ्याभोवतीचा भाग बधिर करून होतं आणि एक-दोन तास चालतं. खरी कसोटी घरी आल्यावर लागते.

मान खाली घालून बसायला किंवा पालथं झोपायला सांगितलं असेल, तर ऑपरेशनाच्या आदल्या दिवशीच जागा करा. जेवणाच्या टेबलावर दोन उशा ठेवा आणि कपाळ त्यावर टेकवून बसून पाहा. पाठीला काय टोचतंय ते तेव्हाच कळेल. चहा-पाण्याला स्ट्रॉ आणून ठेवा. डोकं कसं ठेवायचं, दिवसातले किती तास आणि किती दिवस, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. प्रत्येकाचं वेगळं असतं.

थेंब घालायला घरातलं एकच माणूस ठरवा. हात साबणाने धुवायचे. बाटलीचं तोंड डोळ्याला लागू द्यायचं नाही. वेळा कागदावर लिहून फ्रिजवर लावा. डोक्यावरून आंघोळ, चुलीचा धूर, शेतातली धूळ आणि जड उचलणं हे डॉक्टर ‘चालेल’ म्हणेपर्यंत बंद.

साखर आणि रक्तदाब सांभाळा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा, मनाने बंद करू नका.

पैशांचंही स्पष्ट बोला

‘एकूण किती?’ असं विचारा. तेल काढणं, पुढचा मोतीबिंदू, थेंब, फेऱ्या हे सगळं धरून विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचं ऑपरेशन आणि ते रुग्णालय बसतं का, हे तिथल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातल्या नेत्रविभागातही चौकशी करा. पण पडदा सुटलेला असेल तर ही चौकशी एका दिवसात उरका.

ज्याचा डोळा, त्याचं मत

‘आता या वयात कशाला?’ असं म्हाताऱ्या माणसाच्या वतीने आपणच ठरवून टाकतो. तसं करू नका. ज्या आजीला स्वतःच्या हाताने जेवायचंय, रात्री एकटीने न्हाणीघरात जायचंय, तिला तो डोळा हवा असतो. तिला सगळं समजावून सांगा आणि तिचं ऐका. दुसऱ्या डोळ्याला कमी दिसत असेल तर या डोळ्याची किंमत आणखी वाढते, हेही मोजा.

आणि आज एवढं कराच. भिंतीवरच्या कालनिर्णयासमोर उभे राहा. चष्मा असेल तर लावा. एक डोळा हाताने झाका आणि चौकटींच्या रेघांकडे पाहा. मग दुसरा डोळा झाकून पाहा. रेघ वाकडी दिसली, एखादी तारीख गायब वाटली किंवा एका बाजूला सावली दिसली, तर डॉक्टरांकडे जा. घरातल्या सगळ्यांना हे करायला लावा. मधुमेह असलेल्यांनी तर काहीही त्रास नसला तरी दरवर्षी बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा. लवकर गेलेल्या माणसाला ऑपरेशन टळण्याची संधी असते, आणि करावं लागलंच तर त्याच्याकडे निवड करायला वेळ असतो.