सरपण फोडणे हेही शेतीकामच आहे

व्हाइटफील्ड हे नाव घेतले की आज काचेच्या उंच इमारती आणि संगणक कंपन्यांची आवारे डोळ्यांपुढे उभी राहतात. बेंगळुरूच्या पूर्वेकडील या उपनगराचा जन्म मात्र शेतीसाठी झाला. म्हैसूरचे महाराज दहावे चामराजेंद्र वाडियार यांनी 1882 मध्ये अँग्लो-इंडियन समाजाच्या संघटनेला शेतीवसाहतीसाठी जमीन दिली आणि संघटनेचे प्रमुख डी. एस. व्हाइट यांच्यावरून वसाहतीला हे नाव मिळाले. मार्च 2023 मध्ये मेट्रो येथे पोचली. तिच्या शेवटच्या स्थानकाच्या नावात काडुगोडी या जुन्या गावाचे नावही जोडलेले आहे. कन्नडमध्ये 'काडु' म्हणजे रान. ते रान आता नावापुरते उरले असले, तरी चुलीचा धूर येथून गेलेला नाही. बांधकामाच्या कामगारांच्या पत्र्याच्या वस्तीत सकाळ-संध्याकाळ तीन दगडांच्या चुली पेटतात.

अशाच एका वस्तीजवळ गेल्या उन्हाळ्यात पाहिलेले दृश्य या लेखाचे निमित्त आहे. वळिवाच्या वादळात रस्त्याकडेचा मोठा वर्षावृक्ष कोसळला होता. ठेकेदाराच्या माणसांनी यांत्रिक करवतीने त्याचे तीन-तीन फुटांचे ओंडके पाडून ते कडेला टाकले. दीड महिन्याने मी तेथून जात असता बीदर जिल्ह्यातील औराद तालुक्यातून आलेली एक स्त्री त्यांतील एक ओंडका कोयत्याने फोडू पाहत होती. कोयता लाकडात रुतला की ती त्याच्या पाठीवर दगड हाणी. डाव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. "ताई, लाकूड फार कठीण दिसते," असे म्हणताच ती मराठीतच उत्तरली, "दादा, मशीनवाल्यानं अर्ध्या घंट्यात झाड मोकळं केलं. फोडायचं मात्र माझ्याच वाट्याला आलं."

या एका वाक्यात प्रश्नाचे मर्म आहे. रस्ता मोकळा करण्याची घाई होती, म्हणून तोडणीसाठी यंत्र आले. फोडणीची घाई केवळ चुलीला असते, म्हणून ती कोयता, दगड आणि स्त्रीच्या पाठीवर सोडून देण्यात आली. आपल्या खेड्यांतही याहून वेगळे घडत नाही. बांधावरची बाभूळ पुरुष तोडतो, ओंडके अंगणात आणून टाकतो आणि त्यांच्या ढलप्या करण्याचे काम बहुधा घरातील स्त्रीकडे जाते.

सरपण आता इतिहासजमा झाले, असा आक्षेप येथे घेतला जाईल. उज्ज्वला योजनेला मे 2016 मध्ये प्रारंभ झाला आणि तिने मोठे काम केले, हे निर्विवाद आहे. तरीही 2019-21 च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणारी ग्रामीण कुटुंबे सुमारे 43 टक्केच होती. ज्यांच्याकडे गॅस आहे, त्यांपैकी अनेकांच्या अंघोळीच्या पाण्याचा बंब आणि जनावरांच्या आंबोणाची चूल लाकडावरच चालते. चूल जावी ही इच्छा योग्यच आहे. परंतु ती जाईपर्यंत तिच्यापुढील कष्ट तसेच राहू द्यावेत, हे योग्य नव्हे.

हे कष्ट हलके करण्यासाठी महाग यंत्र लागतेच असे नाही. बरेचसे काम लाकडाचा स्वभाव ओळखल्याने होते. लाकूड म्हणजे उभ्या तंतूंची मोळी. हे तंतू आडवे तोडणे अवघड असते. मात्र त्यांना एकमेकांपासून बाजूला सारणे त्यामानाने सोपे असते. आडवे तोडण्याचे काम करवतीचे आणि उभे फोडण्याचे काम पाचरीचे आहे. कोयत्याचे पाते पातळ असते. ते तंतूंमध्ये शिरते. पण त्यांना दूर ढकलत नाही आणि म्हणूनच रुतून बसते. फोडणीच्या कुऱ्हाडीचे डोके पाचरीसारखे जाड व रुंद हवे. तोडणीची आणि फोडणीची कुऱ्हाड ही दोन वेगळी अवजारे आहेत, ही साधी गोष्ट अद्याप आपल्या घरांत रुजलेली नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. वाळलेले लाकूड हलके असते, म्हणून ते फोडायलाही सोपे असेल, असे वाटते. वर्षावृक्ष किंवा निलगिरी यांसारख्या झाडांचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात आणि वाळल्यावर असे लाकूड फार चिवट होते. ते ओले असतानाच फोडलेले बरे. बेंगळुरू-कोलार पट्ट्यात निलगिरीची लागवड एवढी पसरली की 2017 मध्ये कर्नाटक शासनाने नव्या लागवडीवर बंदी घातली. त्या निलगिरीचे सरपण वापरणाऱ्या घरांसाठी हा मुद्दा कळीचा आहे. औरादच्या त्या ताईंनी झाड पडले त्याच आठवड्यात ओंडके फोडले असते, तर निम्मी झुंज तरी टळली असती. पण तेव्हा तिच्या हाती योग्य अवजार नव्हते आणि तसे सांगणारेही कोणी नव्हते.

ओले फोडण्याचा लाभ चुलीतही दिसतो. ताज्या लाकडाच्या वजनात सुमारे निम्मे पाणी असते. साल पाणी अडवून धरते. लाकूड फोडले की उघड्या बाजूंनी ते लवकर निघून जाते. ढलप्या जमिनीपासून उचलून, वर आच्छादन घालून आणि बाजू मोकळ्या ठेवून रचल्या, तर उन्हाळ्यात चांगल्या वाळतात. निम्मे पाणी असलेल्या किलोभर लाकडापेक्षा 20 टक्के ओलाव्याच्या किलोभर लाकडातून जवळजवळ पावणेदोन पट उष्णता मिळते आणि धूर कमी होतो. म्हणजे फोडणीचे श्रम वाचवणारी रीत सरपणही वाचवते आणि डोळेही.

तिसरी गोष्ट लांबीची. ओंडका जितका लांब, तितकी चीर दूरवर न्यावी लागते आणि वाटेत गाठ आडवी येण्याचा संभव वाढतो. करवतवाल्याने तीन फुटांऐवजी एक ते सव्वा फुटाचे तुकडे पाडले, तर त्याची काही मिनिटे अधिक जातील. फोडणारीचे तास वाचतील. सुधारित चुलींचे तोंड लहान असते आणि त्यांत बारीक, आखूड लाकूडच जाते. 1980 च्या दशकात राष्ट्रीय कार्यक्रमातून अशा चुली गावोगावी गेल्या. चुलीवर संशोधन झाले. परंतु तिच्यात जाणारे बारीक लाकूड कोण आणि कशाने फोडणार, हा प्रश्न मागे राहिला.

प्रत्यक्ष फोडताना काही साधे नियम पाळावेत. गुडघ्याच्या किंचित खाली येईल एवढ्या उंचीचा ठोकळा खाली घ्यावा, म्हणजे कंबरेतून फार वाकावे लागत नाही आणि चुकलेला घाव पायाऐवजी ठोकळ्यात जातो. ठोकळ्यावर जुना टायर ठेवून त्यात लाकूड उभे केले, तर ढलप्या इतस्ततः उडत नाहीत आणि त्या वेचण्यासाठी वारंवार वाकावे लागत नाही. टोकाला पडलेली चीर हेरून घाव तिच्यावर घालावा. मोठ्या ओंडक्याच्या मध्यावर न मारता कडेकडेने ढलप्या काढाव्यात. घावाची ऊर्जा वजनाबरोबर वाढते, तशी वेगाच्या वर्गाबरोबर वाढते. म्हणून चार किलोची कुऱ्हाड जेमतेम उचलण्यापेक्षा दोन-अडीच किलोची कुऱ्हाड नीट वेगाने चालवणे अधिक फलदायी ठरते. कुऱ्हाडीच्या पाठीवर घण मारू नये. त्यासाठी लोखंडी पाचर वेगळी ठेवावी आणि तिच्या माथ्यावर पसरलेली कड घासून टाकावी, अन्यथा तिचे कण डोळ्यात उडतात.

अवजार कसे सुचते, याचे एक उदाहरण उद्बोधक आहे. लाकूड फोडताना आईच्या बोटाला इजा झाल्याचे पाहून न्यूझीलंडमधील आयला हचिन्सन या शाळकरी मुलीने विज्ञान प्रकल्पासाठी कुऱ्हाडच उलटी केली. धार वर करून पाते एका लोखंडी कड्यात पक्के बसवले, त्यावर लाकूड उभे ठेवायचे आणि वरून हातोडा मारायचा. फिरती धार नाही, त्यामुळे बोट कापण्याची भीती फार कमी. बारीक लाकूड फोडण्यासाठीचे हे साधन पुढे बाजारातही आले. याची रचना आपल्या गावातील लोहाराच्या आवाक्यातील आहे. प्रश्न कौशल्याचा नसून त्याकडे लक्ष जाण्याचा आहे.

येथेच कृषी संशोधन संस्थांची जबाबदारी येते. दातेरी विळ्याने कापणीचे आणि सायकल कोळप्याने खुरपणीचे श्रम हलके झाले. भुवनेश्वरला शेतकरी महिलांसाठी केंद्रीय संस्था आहे, भोपाळच्या कृषी अभियांत्रिकी संस्थेत अवजार व मानवी शरीर यांच्या मेळावर काम चालते, परभणीच्या कृषी विद्यापीठात महिलांच्या श्रमपरिहारावर काम झाले आहे आणि बेंगळुरूत 1938 पासून लाकडावर संशोधन होत आहे. अनुभव आहे, प्रयोगशाळा आहेत. तरीही सरपण फोडणे हे 'घरकाम' मानले गेल्याने ते शेतीच्या वहीत चढत नाही आणि घरकाम म्हणून कोणाच्याच वहीत राहत नाही.

माझ्या मते तीन गोष्टी तातडीने व्हाव्यात. पहिली, आपल्याकडील स्त्रियांची उंची व ताकद लक्षात घेऊन फोडणीची कुऱ्हाड आणि स्थिर पाचर यांची चाचणी घ्यावी आणि बाभूळ, सुबाभूळ, आंबा, निलगिरी यांवरील निष्कर्ष सोप्या मराठीत प्रसिद्ध करावेत. दुसरी, गावच्या अवजारे बँकेत ट्रॅक्टरच्या अवजारांशेजारी फोडणीचा एक संच ठेवावा. त्याचा खर्च एका पेरणीयंत्रापुढे नगण्य आहे. तिसरी, पडलेले वा परवानगीने तोडलेले झाड सरपणासाठी द्यायचे असेल, तर त्याचे तुकडे फूट-सव्वा फुटाचे असावेत, अशी अट शहरातील ठेक्यात आणि गावातील व्यवहारात घालावी.

वस्तीतील त्या ताईंच्या अंगठ्याची जखम एव्हाना भरली असेल. पुढच्या वळिवात दुसरे झाड पडेल आणि करवत पुन्हा अर्ध्या तासात आपले काम उरकेल. तेव्हा तिच्या हाती कोयता आणि दगडच असावेत, की नेमकी पाचर असावी, हे ठरवणे आपल्या हाती आहे.