नव्या जागेचे पत्र

चार दिवसांपूर्वी माझा पुतण्या एक पत्र घेऊन मजपुढे बसला. बंगळूरच्या एका कंपनीने त्यास पुण्यातील वेतनाच्या दीडपट देऊ केले आहे. उत्तरास आठ दिवसांची मुदत. "काका, जाऊ की नको?"

ज्याचे आयुष्य शब्दरूपे घोकविण्यात गेले, त्याने अशा विषयात बोलावे काय? परंतु पत्र वाचता तर येते. वर ठळक अक्षरांत वार्षिक आकडा होता. खालच्या कोष्टकात पाहावे, तो त्याच आकड्यात मालकाने भविष्यनिर्वाह निधीत भरावयाची रक्कम धरलेली, ग्रॅच्युइटी धरलेली, आणि काम पसंत पडल्यास मिळावयाचा बोनसही धरलेला! शिवाय कायम नोकरास ग्रॅच्युइटीचा हक्क सामान्यतः पाच वर्षांच्या सलग सेवेने लाभतो; याची येथील चारच भरली आहेत. बंगळूरचे घरभाडे वजा करता दीडपटीची सव्वापटही धड उरेना.

काम झेपेल की नाही, ही त्याची धास्ती मात्र मी मनावर घेतली नाही. टिळक सोडून गेलेल्या गणिताच्या जागी गोखल्यांनी १८९१ साली कर्व्यांस फर्ग्युसन महाविद्यालयात बोलाविले. ती जागा सोपी नव्हती. पण कर्व्यांनी १९१४ पर्यंत तेथे शिकविले.

"सूनबाईचे म्हणणे काय?"

"तिला अजून विचारले नाही. आधी आपले ठरू द्या."

मी गप्प झालो. १९९६ साली मलाही शेजारच्या जिल्ह्यातील एका शाळेने मुख्याध्यापकपद देऊ केले होते. वडील अंथरुणास खिळलेले. मी एका रात्रीत नकार लिहिला आणि पत्र पेटीत टाकून आल्यावर घरात सांगितले. त्यागाचे समाधान मला पुष्कळ वर्षे पुरले. वडील गेल्यानंतर एकदा बोलता बोलता कुटुंबाने म्हटले, "धाकट्या जाऊबाई मामंजींचे करायला तयार होत्या. आमचे दोघींचे बोलणेही झाले होते. पण मला कोणी विचारलेच नाही." वडिलांची शुश्रूषा अखेरपर्यंत तिनेच केली होती, मी नव्हे.

पुतण्याच्या वडिलांस, म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंस, आठवड्यातून दोनदा डायालिसिसला न्यावे लागते. ती ने-आण सूनबाई करते. एवढेच मी त्यास आठविले.

तो कागद घेऊन उठला व स्वयंपाकघराकडे गेला. त्या रात्री त्या दोघांचे बोलणे बराच वेळ चालले होते. मुदत संपावयास अद्याप चार दिवस आहेत.