मुरुमाची वाट आणि लपवलेले खरचटणे

दिवाळीनंतरच्या एका सकाळी माझ्या दवाखान्यात एक गृहस्थ पत्नीसह आले. वय 69, बँकेतून निवृत्त, गेली वीस वर्षे माझ्याकडे येणारे. मी त्यांना काका म्हणतो. मात्र त्या दिवशीची तक्रार काकांची नव्हती, काकूंची होती.

‘डॉक्टर, आठ दिवस झाले, हे गप्प गप्प असतात. पेपर हातात धरून बसतात, पण पान उलटत नाहीत. काल चहाचा कप टेबलाच्या अगदी कडेला ठेवला, तो पडला.’

‘अहो, वय झालं, दुसरं काय!’ काका हसून म्हणाले. परंतु खुर्चीतून उठून तपासणीच्या टेबलापर्यंत येताना त्यांचा उजवा पाय किंचित घासत होता. डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला सांगितले, तेव्हा उजवा हात हळूहळू खाली आला. रक्तदाब घेण्यासाठी बाही वर केली आणि कोपरावर जुन्या जखमेची सुकलेली खूण दिसली.

‘हे कशाने झालं?’

काकांनी काकूंकडे पाहिले आणि गप्प राहिले. काकू औषधांची फाईल आणायला बाहेर गेल्यावर ते हळूच म्हणाले, ‘पाच आठवड्यांपूर्वी टेकडीच्या उतारावर सायकल घसरली. डोकं जरासं आपटलं. काही वाटलं नाही, म्हणून बोललो नाही. सांगितलं असतं, तर सायकल बंद झाली असती.’

हृदयाची लय अनियमित असल्यामुळे काका रक्त पातळ ठेवणारी गोळी घेतात. त्याच दिवशी मेंदूचा सीटी स्कॅन झाला. कवटीच्या आत, मेंदूवरच्या आवरणाखाली रक्त साचून मेंदूवर दाब आला होता. शस्त्रक्रियेत कवटीला लहानसे छिद्र पाडून ते रक्त काढण्यात आले आणि काका बरे झाले. आणखी उशीर झाला असता, तर काय झाले असते याचा विचार आजही मला अस्वस्थ करतो.

या प्रकरणात माझाही दोष आहे, तो येथे नोंदवतो. त्या घटनेच्या चार महिने आधी काकांनी विचारले होते, ‘मुलानं माउंटन बाइक घेऊन दिली आहे. चालवू का?’ मी ‘अवश्य चालवा’ म्हणालो आणि पुढच्या रुग्णाला बोलावले. कोठे चालवणार, डोक्यावर काय घालणार, रक्त पातळ करणारी गोळी घेत असताना पडल्यास काय करायचे, यांपैकी एकही गोष्ट मी बोललो नाही. तेव्हा जे सांगायचे राहिले, ते या लेखात सर्वांसाठी लिहीत आहे.

सायकल कोणती, साधने कोणती

माउंटन बाइकचा जन्म 1970 च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, मरीन काउंटीच्या टेकड्यांवर झाला. तेथील काही तरुण जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन माउंट टॅमलपाइसच्या परिसरातील कच्च्या वाटा वेगाने उतरत. त्यांच्या एका प्रसिद्ध उताराचे नाव ‘रिपॅक’ असे पडले. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये असे. उतरताना तो इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर ते नव्याने भरावे लागे. पुढे 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले. सांगण्याचा मुद्दा असा की, या सायकलीच्या इतिहासातही पहिली अडचण चढाची नव्हती, उताराची होती. साठीनंतरही तेच खरे आहे. चढावर दम लागतो आणि आपण थांबतो. उतारावर थांबणे आपल्या हाती राहतेच असे नाही.

त्यामुळे सायकल घेताना गिअरच्या संख्येपेक्षा ब्रेककडे अधिक लक्ष द्यावे. डिस्क ब्रेक पावसात आणि चिखलात भरवशाचे असतात. संधिवात असलेल्या बोटांना ब्रेकची मूठ सहज आवळता येते की नाही, हे दुकानातच पाहावे. उतारावर दोन्ही ब्रेक एकदम करकचून न दाबता हलकेच, दोन्ही हातांनी दाबावेत आणि शरीराचा भार थोडा मागे घ्यावा. केवळ पुढचा ब्रेक जोरात दाबला, तर माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो.

पुढचा दांडा उंच असेल, तर पाय वर उचलून पलीकडे न्यावा लागतो. अनेक ज्येष्ठ सायकल चालवताना पडत नाहीत, सायकलीवर चढता-उतरताना पडतात. गुडघा किंवा कंबर दुखत असल्यास पुढचा दांडा खाली उतरलेली सायकल घ्यावी. सीट इतकी उंच असावी की पॅडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील. सीट फार खाली असल्यास गुडघ्याच्या वाटीवर ताण येतो. तरीही पहिले काही आठवडे ती थोडी खालीच ठेवावी, म्हणजे पाय पटकन जमिनीला टेकतात. बूट पॅडलमध्ये अडकवण्याची व्यवस्था आपल्यासाठी नाही. सपाट, खरखरीत पॅडल पुरेत.

हेल्मेट भुवयांच्या दोन बोटे वर यावे आणि हनुवटीखालच्या पट्ट्यात एक-दोन बोटेच मावावीत. मागे सरकवून टोपीसारखे घातलेले हेल्मेट कपाळाचे रक्षण करत नाही. एकदा जोराने आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी बदलावे. हेल्मेटने डोक्याच्या गंभीर इजेची शक्यता कमी होते, नाहीशी होत नाही. पूर्ण बोटांचे हातमोजे, पारदर्शक चष्मा, ओळखपत्र, घेत असलेल्या औषधांची चिठ्ठी आणि मोबाइल एवढी सामग्री बरोबर असावी. जवळचे-लांबचे एकाच काचेत दिसणारा चष्मा असेल, तर खालच्या भागातून वाट धूसर दिसते. त्याविषयी नेत्रतज्ज्ञांशी बोलावे.

वाट आणि वेळ

आपल्याकडील टेकड्यांच्या वाटा मुरुमाच्या असतात. पावसाळा सरला की वरचा मुरूम सुटा होतो आणि चाकाखाली मोहरी सांडावी तसा सरकतो. काका अशाच ठिकाणी घसरले. पावसाळ्यात जांभ्या दगडावर शेवाळ धरते, तेही तितकेच धोक्याचे. म्हणून आधी ती वाट पायी चालून पाहावी. वळणावर ब्रेक दाबू नये, वळणाच्या आधीच वेग कमी करावा. शंका आली तर उतरून सायकल हाताने न्यावी. त्यात कमीपणा काहीच नाही.

सुरुवात सपाट, मोकळ्या जागेत करावी. चढणे, उतरणे, थांबणे आणि मागे वळून पाहणे यांचा सराव झाल्याशिवाय कच्च्या वाटेकडे जाऊ नये. पहिले दोन आठवडे दिवसाआड 15 ते 20 मिनिटे पुरेत. पुढे दर आठवड्याला प्रत्येक फेरीत पाचच मिनिटे वाढवावीत. सायकल चालवताना दोन-चार वाक्ये बोलता यावीत, गाणे मात्र म्हणता येऊ नये, एवढाच दम लागणे योग्य. नाडी मोजून व्यायाम करणाऱ्यांना एक सूचना. बीटा ब्लॉकर गटातील औषधे नाडी मंद ठेवतात, त्यामुळे मनगटावरच्या घड्याळातील आकड्यावर विसंबून राहू नये.

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचा व्यायाम करावा. 65 वर्षांवरील व्यक्तींसाठी तोल सांभाळण्याचा व्यायाम आठवड्यातून तीन दिवस सांगितला आहे. सायकलीने हृदय, फुप्फुसे आणि मांड्या सुधारतात, गुडघ्यांवर शरीराचा पूर्ण भारही येत नाही. पण याच कारणामुळे हाडांना मिळायला हवा तो भार सायकल देत नाही. म्हणून तिच्या जोडीला चालणे, हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठणे आणि भिंतीजवळ एका पायावर उभे राहणे हे व्यायाम हवेतच.

आधी कोणी विचारावे?

छातीत दडपण, चालताना धाप, भोवळ, पूर्वी आलेला हृदयविकाराचा झटका, आवाक्यात नसलेला रक्तदाब, हाडांचा ठिसूळपणा किंवा वरचेवर तोल जाणे यांपैकी काहीही असल्यास सायकलीला हात लावण्यापूर्वी डॉक्टरांकडे जावे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांची साखर व्यायामात उतरू शकते, काही वेळा तर काही तासांनी, रात्री झोपेतही. अशांनी उपाशीपोटी जाऊ नये आणि खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. हात थरथरणे, घाम सुटणे, गोंधळल्यासारखे होणे अशी चिन्हे दिसताच थांबून तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून घ्यावी. 15 मिनिटांनी बरे वाटले नाही, तर पुन्हा घ्यावी.

छातीत दडपण आले, तर ‘वर पोहोचल्यावर बसू’ असे म्हणू नये. तेथेच थांबावे आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी खडकाळ उतारांच्या वाटा टाळाव्यात. मात्र सायकलीसाठी ती गोळी स्वतःहून कधीही बंद करू नये, त्याने पक्षाघाताचा धोका वाढतो. डोके आपटले, तर काही होत नसले तरी त्याच दिवशी रुग्णालयात जावे. वयानुसार मेंदू किंचित आकसतो आणि त्याच्या पृष्ठभागावरच्या शिरा ताणल्या जातात. लहानशा धक्क्यानेही त्यातून रक्त झिरपू लागते आणि लक्षणे दिसायला कित्येक आठवडे लागू शकतात. मंद डोकेदुखी, झोपाळूपणा, बोलण्यात गोंधळ, चालताना झोक जाणे, एका बाजूची शक्ती कमी होणे या गोष्टी नव्याने दिसल्या, तर ‘म्हातारपण’ म्हणून सोडून देऊ नयेत.

घरातल्यांशी दोन शब्द

काका बरे होऊन घरी आल्यावर त्यांचा मुलगा माझ्याकडे आला. म्हणाला, ‘सायकल विकून टाकतो.’ मी त्याला विचारले, ‘बाबांनी पडल्याचं सांगितलं का नाही, माहीत आहे? सांगितलं की तुम्ही हेच करणार, हे त्यांना ठाऊक होतं.’

वडीलधाऱ्यांची काळजी घेताना आपण नकळत पहारेकरी होतो. पहाऱ्यातला माणूस पडला तरी सांगत नाही. काकांना पडल्याने जी इजा झाली, ती पाच आठवड्यांच्या मौनाने वाढली. म्हणून प्रत्येक घरात एक साधा करार असावा. ज्येष्ठांनी निघताना वाट आणि परतण्याची वेळ सांगावी, शक्यतो सोबत घ्यावी आणि पडल्यास त्याच दिवशी सांगावे. घरातल्यांनी ते ऐकून आधी जखम पाहावी, उपदेश मागाहून करावा आणि त्या एका कारणासाठी सायकल काढून घेऊ नये.

काकूंनी हा करार कागदावर लिहून फ्रीजच्या दारावर लावला. शस्त्रक्रियेनंतर कित्येक महिन्यांनी, मेंदूच्या शल्यविशारदांची परवानगी मिळाल्यावर काका पुन्हा सायकलीवर बसले. आता ते सपाट मातीच्या रस्त्यावर जातात, डोक्यावर हेल्मेट असते आणि सोबत शेजारचे एक निवृत्त शिक्षक असतात. टेकडीचा उतार त्यांनी स्वतःहून सोडला. गेल्या महिन्यात ते दवाखान्यात आले ते तळहात पुढे करूनच. ‘काल फाटकापाशी उतरताना तोल गेला, हात टेकला. डोकं आपटलेलं नाही. हिला घरी आल्याबरोबर सांगितलं.’

खरचटणे किरकोळ होते. मी ते स्वच्छ केले, धनुर्वाताच्या इंजेक्शनची तारीख पाहिली आणि या वेळी पुढच्या रुग्णाला बोलावण्यापूर्वी त्यांना विचारले, ‘आता कोणत्या वाटेनं जाता, ते जरा सविस्तर सांगा.’