डोपामिनला उगाच बदनाम करू नका

संपादक महोदय,


रविवारच्या अंकातला ‘डोपामिनच्या उपवासा’वरचा, म्हणजे मोबाइल दूर ठेवून डोपामिन आटवण्यावरचा, लेख वाचला. लेखकाच्या मते डोपामिन म्हणजे मेंदूत पाझरणारा आनंद. मोबाइलमुळे तो जास्त पाझरतो आणि मुलांचे लक्ष उडते. यातले पहिले विधानच चुकीचे आहे.

स्वित्झर्लंडमध्ये मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. अचानक रसाचा थेंब मिळाला की माकडाच्या डोपामिन-पेशी उसळत. रसाआधी दिवा लागतो हे एकदा उमगल्यावर पेशी दिव्यालाच उसळू लागल्या, रसाला नाही. दिवा लागूनही रस आला नाही, तर ऐन त्या क्षणी त्या मंदावत. आनंद मोजणाऱ्या पेशी अशा वागल्या असत्या का? त्या मोजतात अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतली तफावत. शिकणे घडते ते याच तफावतीतून.

शिवाय डोपामिन वाढल्याने लक्ष उडत असेल, तर एडीएचडी हा लक्ष न टिकण्याचा विकार असलेल्या मुलांना दिले जाणारे मेथिलफेनिडेट हे औषध मेंदूतले डोपामिन वाढवूनच लक्ष टिकवायला मदत करते, त्याचे काय? पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिन तयार करणाऱ्या पेशीच झडतात आणि साधे पाऊल उचलणेही जड जाते. लेखकाने हा उपवास त्यांना सुचवून पाहावा.

मोबाइल दूर ठेवावा, एवढे मान्य. पण त्याने डोपामिन आटत नाही. सवय जागवणारी खूण फक्त नजरेआड होते. (आमच्याकडचे उपवास एकादशी आणि दुप्पट खाशी, ते वेगळेच.)

आपला,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक, सातारा