कुंडीतली शिंदळ माकुडी आणि गावाबाहेरचं झुडपी जंगल

शिंदळ माकुडी गच्चीवरच्या कुंडीत लावली की तिचं 'संवर्धन' होतं, ही समजूत आता आमच्या वर्ध्यातही येऊन पोचली आहे. गेल्या दोन पावसाळ्यांत ओळखीतल्या तीन घरी मी ती पाहिली. तिन्ही ठिकाणी यजमानांनी आवाज जरा खाली आणून एकच वाक्य ऐकवलं: "फार दुर्मीळ आहे बरं का ही."

दुर्मीळ आहे, यात वाद नाही. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर बार्टल फ्रिअर याच्या नावावरून डाल्झेलनं १८६५च्या सुमारास तिला 'फ्रेरिया इंडिका' हे नाव दिलं. ती फक्त महाराष्ट्रात, शिवनेरी, पुरंदर, वज्रगड अशा मोजक्या गडांच्या उभ्या कड्यांवर सापडते. जगातल्या सर्वाधिक संकटात असलेल्या बारा वनस्पतींच्या यादीत तिचं नाव एकेकाळी होतं. पावसाळ्यात मांसल पानं येतात, मग मरून रंगाचं, पिवळ्या ठिपक्यांचं चांदणीसारखं फूल. उन्हाळ्यात पानं गळून नुसत्या जाड काड्या उरतात. सह्याद्रीतला असा प्रत्येक कडा म्हणजे बेटच. खाली पाण्याऐवजी कांदा आणि ऊस, एवढाच फरक. बियांना कापसासारखे तंतू असतात, त्या उडतात; पण उडून पडणार कुठे?

आता गंमत अशी की हे झाड वाढवायला अजिबात कठीण नाही. काडी मोडावी, जखम वाळू द्यावी, मुरमाड मातीत खोचावी. आमच्या काळ्या मातीत ती कुजेल, कारण ही माती पावसात पाणी धरून बसते. पण अर्धा मुरूम घातला की काम झालं. जगभरच्या निवडुंगवेड्यांकडे ती कित्येक वर्षं सुखानं नांदते आहे. म्हणजे ती दुर्मीळ झाली ती माणसाला तिला वाढवता येत नाही म्हणून नव्हे. तिचे कडे थोडे आहेत, तिथं गुरं आहेत, वणवे आहेत आणि काड्या मोडून नेणारे आपण आहोत, म्हणून. वर्ध्याच्या गच्चीवरची कुंडी यातल्या कुठल्या कारणाला हात लावते?

शिवाय काडीपासून केलेलं रोप म्हणजे तेच झाड पुन्हा. एका झाडाच्या शंभर काड्या शंभर घरी गेल्या, तरी झाडं शंभर होत नाहीत. एकाच्या शंभर प्रती होतात. हिंदी महासागरातल्या रॉड्रिग्ज बेटावरच्या 'कॅफे मॅरॉन' या झुडपाची गोष्ट इथं सांगायलाच हवी. ते संपलं असं सगळे धरून चालले होते. १९८०च्या सुमारास एका शाळकरी मुलानं त्याचं एक, फक्त एक, झाड शोधून काढलं. काड्या लंडनच्या क्यू उद्यानात गेल्या, तिथं रुजल्या, फुलल्या. पण बी धरेना. वर्षानुवर्षं फुलं येत आणि गळून जात. २००३च्या आसपास क्यूच्या माळ्यांनी बऱ्याच खटपटींनंतर बी धरायला लावलं, तेव्हा कुठे पुढच्या पिढीची वाट मोकळी झाली. सेंट हेलेना बेटावरच्या ऑलिव्हला एवढंही नशीब मिळालं नाही. रानातलं शेवटचं झाड १९९४मध्ये मेलं, लागवडीतलं शेवटचं २००३मध्ये, बुरशीनं. बाग होती, माणसंही होती, तरी.

"मग काय, लावूच नये का?" असं मला रागानं विचारलं गेलं आहे. लावा की. पण आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या: हे झाड कुठून आलं? तिघांपैकी एकालाही ते सांगता आलं नाही. एकानं तर "ट्रेकला गेलो होतो तेव्हा गडावरूनच आणलं" असं कौतुकानं सांगितलं. कुठला कडा, कुठली तारीख, किती झाडं होती, काही नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. एस. आर. यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कंदीलपुष्पांवर जे काम केलं, तेही बागेत झाडं वाढवण्याचंच होतं. पण तिथं प्रत्येक रोपामागे ठिकाणाची नोंद होती. नोंद नसलेलं रोप कधीच परत कड्यावर जाऊ शकत नाही. ती शोभा आहे, आणि शोभेला माझी हरकत नाही. तिला संवर्धन म्हणायला आहे.

माझा खरा राग मात्र पुढचा आहे. सहाशे किलोमीटरवरच्या कड्यासाठी हळहळणारा आमचा वर्धेकर गावाबाहेरच्या झुडपांना काय म्हणतो? पडीक. विदर्भाच्या सहा जिल्ह्यांच्या महसुली नोंदींत 'झुडपी जंगल' नावाचा एक प्रकारच आहे. जुन्या मध्य प्रांताच्या कागदांतून तो १९५६च्या राज्य पुनर्रचनेत आपल्याकडे आला. त्यातले सुमारे ८६ हजार हेक्टर वनव्यवस्थापनाला अयोग्य, असं शासनाचेच कागद म्हणत होते. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हे जंगलच आहे. तीन हेक्टरांहून लहान, कुठल्याच वनाला न लागून असलेल्या तुकड्यांचाही त्यात वेगळा विचार झाला. सोयाबीन आणि कपाशीच्या समुद्रातली ही आमची बेटं. निकालानंतर आमच्याकडे चर्चा कशाची झाली? विकासकामं अडकतील याची. मुरडशेंग, धायटी, तरवड, एरोणी यांचं नावही कुणी काढलं नाही.

ही झुडपं आज दुर्मीळ नाहीत, हे मला मान्य आहे. पण धुरे नांगरले जात आहेत, उरलेल्या जागी रायमुनिया घुसते आहे, आणि रोपवाटिकेत जाऊन मुरडशेंग मागितली तर माणूस तोंडाकडे बघतो. कोनोकार्पस हवा तेवढा मिळतो. मुरडशेंगेची लाल फुलं जुनी झाली की निळसर राखाडी पडतात, त्यांच्यावर शिंजिर येतात, सालीचा दोर होतो, पीळदार शेंग पोटात मुरडा आला की उगाळून देतात. एवढं सगळं असूनही ती कुणाच्या अंगणात नाही, कारण पाहुण्यांना "फार दुर्मीळ आहे" असं सांगता येत नाही.

तिचं बी टणक असतं. गरम पाण्यात टाकून ते पाणी निवेपर्यंत ठेवावं, मग पेरावं. हिंगणीच्या बाजूला एका ओळखीच्या वावराच्या धुऱ्यावरून मालकाला विचारून आणलेल्या शेंगा माझ्याकडे आहेत. पाकिटावर गाव, धुरा आणि तारीख लिहिलेली आहे. ज्याला हवं त्यानं न्यावं. बदल्यात शिंदळ माकुडीची काडी आणू नये.