जुनी फोर्ड आणि तिसरें बेंडिक्स

एका वाचकगृहस्थांचें पत्र आमच्यापुढें आहे. त्यांच्या आजोबांनीं वापरलेली १९३० सालची फोर्ड ‘मॉडेल ए’ मोटार घरांत अद्याप आहे. गेल्या वर्षभरांत तिच्या स्टार्टरचें बेंडिक्स दोनदां मोडलें. दोन्ही वेळां नवें बसविलें. आतां तिसरें आणून ठेविलें आहे. थोरले बंधु म्हणतात, ‘हा खर्च पुरे, गाडी विकून टाकूं.’ धाकट्यांस तें मानवत नाहीं. तिसरें तरी टिकेल काय, एवढाच त्यांचा प्रश्न आहे. जुनीं यंत्रें प्रेमानें संभाळणाऱ्या अनेक घरांस तो लागू असल्यामुळें त्याचें उत्तर येथें देतों.

मोटार पूर्वीं हँडल मारून चालू करावी लागे, व एंजिनानें उलटा झटका दिला म्हणजे मनगट मोडे. १९१२ सालीं कॅडिलॅक गाडींत चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर आला आणि हा धोका बराचसा टळला. परंतु एक अडचण उरली. स्टार्टरचें लहान दांतेरी चाक एंजिनाच्या फ्लायव्हीलमध्यें अडकलें पाहिजे, व एंजिन चालूं लागतांच त्यांतून सुटलेंही पाहिजे. व्हिन्सेंट बेंडिक्स यांच्या नांवानें ओळखला जाणारा भाग हें काम करितो.

त्याची युक्ति साधी आहे. लहान चाक एका आटेदार नळीवर सैल बसविलेलें असतें. स्टार्टर एकदम फिरूं लागला म्हणजे नळी फिरते, पण चाक जडत्वामुळें मागें रहातें. आणि घट्ट धरलेल्या नटांत बोल्ट फिरवावा त्याप्रमाणें तें आट्यांवरून सरकून फ्लायव्हीलच्या दांत्यांत शिरतें. शेवटाला पोंचतांच जो धक्का बसतो तो एक जाड स्प्रिंग सोसते. एंजिन पेटलें कीं फ्लायव्हीलच चाकाला अधिक वेगानें फिरवितें आणि तें आपोआप मागें फेंकलें जातें. मॉडेल ए मध्यें फ्लायव्हीलला ११२ दांते व या चाकाला १० दांते असतात. म्हणजे एंजिनाच्या एका फेऱ्यास स्टार्टरचे अकराहून अधिक फेरे होतात. यावरून त्या स्प्रिंगवर केवढा भार येतो याची कल्पना करावी.

आतां कामाकडे वळूं. प्रथम बॅटरीची जोडणी सोडावी. नंतर तार काढून, स्टार्टरला हातानें आधार देऊन त्याचे तीन बोल्ट काढावे व तो बेंडिक्ससह बाहेर ओढावा. मोडलेल्या भागाचे सर्व तुकडे कागदावर मांडून जुळवून पहावे. एखादा बोल्टाचा माथा किंवा स्प्रिंगचा तुकडा कमी भरला, तर तो फ्लायव्हीलच्या घरांत पडलेला आहे असें समजून सांपडेपर्यंत शोधावा. तो आंत राहिला तर नव्या चाकाचा घात करील.

स्टार्टरचा दांडा वांकला आहे काय व बुश झिजलें आहे काय हें पहावें. गिअर न्यूट्रलमध्यें व इग्निशन बंद ठेवून, हँडलनें एंजिन सावकाश फिरवावें आणि स्टार्टरच्या मोकळ्या भोंकांतून फ्लायव्हीलचा प्रत्येक दांता तपासावा. चार सिलिंडरांचें एंजिन बहुधा त्याच दोन ठिकाणीं थांबतें, म्हणून दांतेही तेथेंच अधिक झिजतात. ते फारच खाल्ले गेले असतील तर कडेंच बदलावें लागेल.

नवें बेंडिक्स दांड्यावर चढवितांना चावी खांचेंत नीट बसली पाहिजे, आणि ज्या बोल्टाचें टोंक दांड्याच्या खळग्यांत जातें तो त्याच जागीं लागला पाहिजे. बोल्टाखालील पत्र्याचे वॉशर नवे घेऊन त्यांचे कान माथ्यावर वळवावे. आट्यांना ग्रीस मुळींच लावूं नये. त्यावर धूळ बसून चाक अडकतें. रॉकेलनें धुऊन कोरडें केलें म्हणजे पुरे. बसविण्याच्या जागेवरील रंग व गंज खरडून काढावा. कारण वीज गाडीच्या धातूंतूनच परत जाते, आणि सहा व्होल्टांच्या बॅटरीला वाटेंतील थोडाही अडथळा सोसत नाहीं.

एवढें करूनही तिसरें मोडूं शकेल. कारण पहिलीं दोन कशानें मोडलीं हें पत्रांत कोठेंच नाहीं. मात्र एक वाक्य आमच्या नजरेस भरलें : ‘दोन्ही वेळां सुरू करतांना मोठा आवाज झाला.’ ही बहुधा उलट्या झटक्याची खूण आहे. सुकाणूजवळची ठिणगीची दांडी खालीं राहिली, तर पिस्टन वर पोंचण्यापूर्वींच पेट होतो आणि एंजिन स्टार्टरच्या विरुद्ध उसळतें. पूर्वीं जो झटका मनगटावर येई तोच आतां स्प्रिंगवर येतो. म्हणून स्टार्टर दाबण्यापूर्वीं ती दांडी पूर्ण वर असावी, व एंजिन लागल्यावरच खालीं आणावी. पहिल्या प्रयत्नांत तें लागलें नाहीं तर चाकें पूर्ण थांबेपर्यंत पुन्हां दाबूं नये. गाडी घरांतील चार माणसें चालवीत असतील तर चौघांसही हें शिकवावें. कधीं हँडल मारण्याचा प्रसंग आलाच, तर दांडी वरच ठेवावी आणि अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवून हँडल वर ओढावें; तें खालीं दाबूं नये.

थोरल्या बंधूंस आमची एवढीच विनंति आहे, कीं गाडी विकावयाची असल्यास जागा, खर्च, देखभाल यांचा विचार करून अवश्य विकावी. परंतु दांडी वर ठेवून महिनाभर चालविल्यावांचून हा निर्णय करूं नये.