योजना हव्यात, तर पैसे द्यायचे कोणी?

नवी कल्याणकारी योजना जाहीर झाली की, जनतेवर नवा बोजा पडणार नाही, असेही लगेच सांगितले जाते. आम्हा व्यापाऱ्यांना हे पटत नाही. वहीत नावे पडले तर कोठेतरी जमा असलीच पाहिजे.

लोक कर द्यायला तयार नसतात, असे राज्यकर्ते धरून चालतात. महाराष्ट्राचा अनुभव वेगळा आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली. तिच्या खर्चासाठी १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला. पगारदार, वकील, डॉक्टर, दुकानदार या सर्वांवर हा कर बसला. बागायती जमीन व मोटारवाहनांवरही जादा आकारणी झाली. जेवढी रक्कम जमेल तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची, असे ठरले. शहराने पैसे द्यायचे आणि खेड्यातील मजुराला बांधबंदिस्ती, पाझर तलाव, रस्ते यांवर काम मिळायचे, असा हा व्यवहार होता. शहराने तो मान्य केला, कारण रक्कम थोडी होती आणि ती कशासाठी घेतली जाते हे ठाऊक होते.

पुढे योजनेवरील मजुरांची संख्या घटली, कर मात्र चालूच राहिला. आज पगारातून दरमहा २०० रुपये व फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, ते मूळ कशासाठी होते हे किती जणांना माहीत आहे? हिशेब दिसेनासा झाला की कर दंडासारखा वाटू लागतो.

जुलै २०२४ पासून राज्यात लाडकी बहीण योजना लागू झाली. महिन्याला १५०० रुपये आणि वर्षाला ४६,००० कोटींची तरतूद सांगितली गेली. आमचा तिला विरोध नाही. गरीब घरात गेलेला पैसा शेवटी गावातल्या किराणा व कापड दुकानातच येतो. पण तिच्यासाठी वेगळा कर मागितला गेला नाही. मग हा भार कर्जावर किंवा दुसऱ्या खात्यांच्या कामांवर पडणारच. सरकारी कंत्राटदारांची बिले थकल्याच्या तक्रारी २०२५ साली राज्यभर झाल्या, हे विसरता येणार नाही.

आमचे म्हणणे साधे आहे. योजना जाहीर करतानाच पैसा कोठून येणार ते सांगावे. त्याचे खाते वेगळे ठेवून दरवर्षी तालुकावार हिशेब छापावा. कर ऐपतीप्रमाणे असावा. आज दरमहा दहा हजारांहून थोडे अधिक मिळवणारा पुरुष कामगार आणि लाखो मिळवणारा अधिकारी, दोघेही वर्षाला २५०० रुपयेच व्यवसाय कर भरतात. राज्यघटनेतील ही मर्यादा १९८८ पासून बदललेली नाही. ती बदलण्याची मागणी झाली पाहिजे.

आणि व्यापारी बांधवांनीही स्वतःला विचारावे: बिलाविना माल विकायचा आणि सरकारी दवाखान्यात औषध नाही म्हणून ओरडायचे, हे कसे जमेल?